चिमाक्काचं वय कुणी कमी करायचं नाही

मी, बायडाबाई केरबा इंगवले, वय छप्पन्न, शिक्षण चौथी, धंदा छापखाना चालवणे व मोठ्या माणसांच्या चित्रकथा छापून विकणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिलाय, आणि दिला नसता तरी ते ठिकाणावरच असतं. मला कुणी धमकावलेलं नाही. पेठेत तेवढी छाती कुणाची नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण सवड नव्हती.

येत्या सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. घाबरू नका म्हणून सगळे सांगतात. मी घाबरलेली नाही, चिडलेली आहे. मी तिकडं बेशुद्ध पडलेली असताना माझा मुलगा अमरसिंह इकडं चिमाक्का पुण्याच्या कंपनीला देऊन मोकळा होईल. ते होऊ नये एवढ्यासाठी हा कागद. वकीलबाई राजनंदिनी म्हणाल्या, कलमं पाडा आणि मनातलं लिहू नका. कलमं पाडलीत.

कलम १. घर. मंगळवार पेठेतलं राहतं घर, खाली छापखाना, वर दोन खोल्या, मागं अंगण. चारी बाजू लिहाव्या लागतात म्हणून लिहिते. पूर्वेला रस्ता. दक्षिणेला तालमीची भिंत. पश्चिमेला बोळ, त्यात पोरं गाड्या लावतात, लावू देऊ नयेत. उत्तरेला आकाराम सुतार याचं घर. आकारामनं माझ्या भिंतीत दोन हूक ठोकलेत आणि भिंत दोघांची आहे म्हणतो. भिंत दोघांची नाही. हे सरकारी कागदावर यावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

हे घर अमरसिंह आणि त्याची बायको निशिगंधा या दोघांच्या नावावर करावं. एकट्या अमरसिंहच्या नाही. निशिगंधा मला आवडत नाही, मीही तिला आवडत नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलेल्या घरात बाईला कसं राहावं लागतं ते मी बघितलंय. भांडण झालं की पहिलं वाक्य तेच, माझ्या घरातनं चालती हो. ते वाक्य या घरात पुन्हा कुणी म्हणायचं नाही.

अंगण मात्र या दोघांना मिळणार नाही. त्याचं पुढं लिहिते.

कलम २. छापखाना. माझे मिस्टर केरबा लग्नपत्रिका छापायचे. नऊ वर्षांपूर्वी वारले. फार चांगला माणूस होता म्हणतात लोक. लोकांना त्यांच्या हाताखाली काम करावं लागलं नाही. छपाईचं मशीन आणि कटिंग मशीन अमरसिंहला. तो फ्लेक्सचा धंदा करतो, त्याला उपयोग होईल. पुस्तकाला पिना मारायचं मशीन, अंगणातल्या दोऱ्या आणि लाकडी चिमटे आमची चित्रं काढणाऱ्या गुरुपादला.

कलम ३. चिमाक्का. उद्या हा कागद कोर्टात गेला तर साहेबांना चिमाक्का कोण हे कळलं पाहिजे. चिमाक्का ही बाई जिवंत नाही. ती आमच्या चित्रकथांमधली आहे. म्हशी पाळते, दूध घालते, गुडघे दुखतात. तिला देव दिसत नाही, ती उडत नाही, खून शोधून काढत नाही. तिचा नवरा दुसरीबरोबर इचलकरंजीला पळाला आणि म्हातारा झाल्यावर परत येऊन पायरीवर बसला. एका पुस्तकात ती सासूच्या मयताला रडली नाही. एकात तिनं पन्नाशीत दुसरा माणूस घरात आणला आणि भावकीला दारातनं हाकललं. आणि दर दिवाळीला ती एक वर्षानं म्हातारी होते. मी सुरू केली तेव्हा ती माझ्याच वयाची होती, आजही आहे.

गोष्टी मी तोंडानं सांगते, चित्रं गुरुपाद काढतो. गुरुपाद संकेश्वराकडचा, कोल्हापुरात येऊन सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. नायिकेचा गाल दहा फुटी काढायची सवय, त्यामुळं सुरवातीला चिमाक्का पानात मावायची नाही. फ्लेक्स आलं आणि त्याचं काम गेलं. माझा मुलगा फ्लेक्स छापतो आणि गुरुपाद त्याच घरात बसून चित्र काढतो, पण गुरुपादनं एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. मी असते तर रोज दाखवलं असतं.

पुस्तकावर आम्ही छापतो, फक्त मोठ्या माणसांसाठी. त्यावरनं मी आयुष्यभर शिव्या खाल्ल्यात. नृसिंहवाडीला एका पुस्तकवाल्याकडं गठ्ठा घेऊन गेले होते. कव्हर वाचून त्यानं गठ्ठा आधी पोथ्यांच्या मागं लपवला, मग कोपऱ्यात जाऊन एक पुस्तक सगळं चाळलं आणि तोंड पाडून परत आला.

"बाई, यात तसलं काय बी न्हाय की. मग मोठ्यांसाठी कशाला लिवलंय?"

मी म्हटलं, "का? मोठ्या माणसांच्या जल्मात तसलं सोडून दुसरं काय होत न्हाय व्हय?"

त्यानं गठ्ठा परत दिला. देवमाणसांना वाटतं आम्ही घाण छापतो, आणि घाण शोधणारे म्हणतात आम्ही फसवलं. घेतात ते वेगळेच. कागलच्या हायवेवर धाब्यावर थांबणारे ड्रायव्हर घेतात, सूतगिरणीतल्या बायका घेतात, रात्रपाळीच्या नर्स घेतात. त्यांना कव्हरचा अर्थ विचारावा लागला नाही.

कलम ४. अंगण. पहिल्या पुस्तकाच्या वेळी पानांची शाई ओली होती म्हणून गुरुपादनं ती अंगणात दोरीला चिमट्यानं लावली. अजून अक्षरं घातली नव्हती, नुसती चित्रं. गल्लीतल्या बायका पाणी भरायला आल्या, बघायला लागल्या, आणि चिमाक्कानं दिराला कानफटात मारली ते बरोबर का चूक यावरनं दोघींची जुंपली. मी तेव्हाच ठरवलं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाची पानं अगोदर दोरीवर जातात. बायकांना बोलवायचं, चहा द्यायचा, आपण तोंड बंद ठेवायचं. अंगणात भांडण लागलं तर पुस्तक छापायचं. बायका बघून गप्प घरी गेल्या तर गोष्ट मेली. गुरुपादची कितीतरी चांगली चित्रं मी अशी फाडायला लावलीत. त्याच्या डोळ्यात पाणी आलं तरी फाडायला लावलीत.

सगळ्यात तोंडाळ बसव्वा. खानावळीला भाकरी करून देते. नवरा परत येतो त्या पुस्तकाच्या वेळी तिनं दोरीवरचं पान ओढून काढलं.

"ह्या मुडद्याला घरात घेतलंस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय, सांगून ठेवते."

दुसऱ्या म्हणाल्या, म्हातारं झालंय, जाईल कुठं. बसव्वा म्हणाली, गेलतं की इचलकरंजीला, वाट पाठ हाय त्याला. खानावळवाला भाकऱ्या शोधत अंगणापर्यंत आला तरी भांडण चालूच. ते पुस्तक आम्हाला परत परत छापावं लागलं.

कलम ५. अमरसिंहनं केलं ते. गेल्या महिन्यात तो पुण्याच्या कंपनीच्या दोन पावण्यांना घरी घेऊन आला. चांगले कपडे, गोड बोलणं. त्यांना चिमाक्का लहान मुलांसाठी पाहिजे, पुस्तकंही आणि मोबाईलवर हलणारीही. त्यांची चिमाक्का वीस वर्षांची. गुडघे बरे केलेले, नवरा काढून टाकलेला, म्हैस बोलते. मी विचारलं, मग ती भांडते कुणाशी? म्हणाले, प्रदूषणाशी.

मी नाही म्हटलं आणि माडीवर गेले. अमरसिंहला वाटलं आई अडाणी आहे, हिला हिच्याच पद्धतीनं पटवू. त्यानं पावण्यांची रंगीत पानं अंगणात दोरीला लावली आणि बायकांना बोलावलं. मी वरनं बघत होते. बायका आल्या. रंग ब्येस हाय म्हणाल्या, म्हस गोड हाय म्हणाल्या. बसव्वानं चहा प्याला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेली. कुणी आवाज चढवला नाही. अमरसिंहनं तिथंच उभं राहून पुण्याला फोन केला, सगळ्यांना पसंत आहे, एक बाईसुद्धा विरोधात बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन कागदावर मालक म्हणून सही करून आला.

हा मुलगा त्या दोऱ्यांखाली रांगलाय. त्याला एवढं कळलं नाही.

म्हणून लिहून ठेवते, तो मालक नाही, त्याची सही खोटी आहे. मालक दोघं, मी आणि गुरुपाद, पहिल्या पुस्तकापासून दोघांची नावं छापलेली आहेत. कंपनीनं काय करायचं ते अमरसिंहचं करावं.

अमरसिंहला चिमाक्का लहान मुलांची का पाहिजे ते मला माहीत आहे. शाळेत पोरं त्याला तसल्या पुस्तकवालीचा पोरगा म्हणून चिडवायची. तो मारामाऱ्या करून शर्ट फाडून यायचा आणि मला कारण सांगायचा नाही, मला ते दुसऱ्यांकडनं कळायचं. आता त्याला चारचौघांत दाखवता येईल अशी आई पाहिजे. माहीत असूनही सांगते, चिमाक्का मिळणार नाही.

कलम ६. चिमाक्कातला माझा निम्मा हिस्सा गुरुपाद आणि बसव्वा या दोघांना सारखा. काय काढायचं ते गुरुपादनं ठरवायचं, काय छापायचं ते बसव्वानं अंगणात बायका बसवून ठरवायचं. पुस्तकं निघत आहेत तोवर अंगण या कामाला मोकळं राहील, अमरसिंहनं तिथं गाडी लावायची नाही. गुरुपादला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आक्का, मला वेगळी काय पण शिक्षा द्या, बसव्वाच्या दावणीला बांधू नका." बसव्वा म्हणाली, ह्याला बाईचे पाय काढता येत न्हाईत, मी आल्यावर शिकंल. दोघांची ही पहिली मीटिंग. नीट झाली.

अटी: चिमाक्काचं वय कुणी कमी करायचं नाही. तिचे गुडघे बरे करायचे नाहीत. म्हशीनं बोलायचं नाही. गुरुपादनंतर जो कुणी चित्रं काढेल त्यानं पानं दोरीला लावून समोर बसायचं आणि ऐकून घ्यायचं. शिकलेला असला तरी.

कलम ७. पाटल्या निशिगंधाला. घालायच्या नसतील तर मोडाव्यात, कपाटात ठेवून माझी आठवण म्हणून दाखवत बसू नये. बँकेत जे असेल त्याचा पुस्तकांसाठी कागद घ्यावा.

कलम ८. माझं मयत. चौकात फ्लेक्स लावायचा नाही. वर माझा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली ज्यांनी कधी एक पुस्तक विकत घेतलं नाही अशा तीस जणांचे गॉगल लावलेले फोटो, हे मला नको. अमरसिंहला फुकटात पडतं म्हणून तर मुळीच नको. लावायचंच असेल तर गुरुपादनं माझं चित्र काढावं. हनुवटी दोन आहेत, दोन काढाव्यात.

कलम ९. शेवटचं पुस्तक. चिमाक्काचा शेवट मी गुरुपादला सांगितला आहे आणि त्यानं सगळी पानं काढली आहेत. ती त्याच्या पेटीत कुलपात आहेत, बसव्वानंसुद्धा बघितलेली नाहीत. सोमवारनंतर मी घरी आले तर ती पेटीतच राहतील आणि पुढची गोष्ट सुरू होईल. नाही आले तर गुरुपादनं ती दोरीला लावावीत. भांडण लागलं तर छापावीत. मी मेले म्हणून बायका रडत बसल्या आणि भांडल्या नाहीत तर पानं जाळावीत. माझ्या मरणाची सूट गोष्टीला द्यायची नाही.

कलम १०. हे आज सकाळी वाढवलं. वकीलबाई म्हणाल्या, पुढं कोर्टकचेरी नको असेल तर मुलाला वाचायला द्या आणि वाचलं म्हणून त्याची सही घ्या. म्हणून दिलं. अमरसिंहनं खुर्चीत बसून सगळं वाचलं. पाचव्या कलमाला लाल झाला. म्हणाला, कंपनीपुढं माझी काय इज्जत राहिली? मी म्हटलं, सही करायच्या अगोदर विचारायचं होतंस. म्हणाला, पोटच्या पोरापेक्षा तुला ती कागदावरची बाई जास्त. मी म्हटलं, ती माझं ऐकते. म्हणाला, ती कुणाचंच ऐकत नाही, तू तिला तशीच केलीस, आणि सासूच्या मयताला ती रडली नाही ते चुकलंच, मला तेव्हाही पटलं नव्हतं. आम्ही दोघं इतकं बोललो की निशिगंधा गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली रडली नाही तेच बरोबर. मग तो तिच्यावर घसरला.

शेवटी दम लागल्यावर त्यानं पेन मागितलं. घराबद्दल विचारील असं मला वाटलं होतं. पेन हातात धरून म्हणाला,

"आई, चिमाक्का शेवटी मरती का गं?"

मी म्हटलं, "छापल्यावर इकत घे."

वरील सगळं मी समजून उमजून लिहिलं आहे, त्यातला एक शब्दही मागं घेणार नाही. हे अमलात आणण्याचं काम ॲड. राजनंदिनी यांनी करावं.

ठिकाण: मंगळवार पेठ, कोल्हापूर
तारीख: २१ नोव्हेंबर २०२५

सही: बायडाबाई केरबा इंगवले

साक्षीदार १: आकाराम सुतार, शेजारी. (यांना या मृत्युपत्रातनं काही मिळत नाही. सही माझ्यासमोर केली. भिंतीचं कलम वाचून केली.)

साक्षीदार २: डॉ. शांभवी पट्टणशेट्टी, दाखला सोबत जोडला आहे.

मजकूर वाचला. कलम ५, ६ आणि ८ पटलेली नाहीत. हरकत घेणार नाही. पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगतो.
सही: अमरसिंह केरबा इंगवले