शेजारच्या घरात हेलिकॉप्टर

६ जानेवारी, सोमवार

म्हणे हेलिकॉप्टर! उज्वला – माझी धाकटी जाऊ – भिंतीपलीकडून ओरडून सांगत होती. मला नव्हे, अख्ख्या आळीला. "आमची रुचिता पायलट होनार हाय!"

होणार. अजून नुसता शिकाऊ परवाना मिळवायचाय. आधी मेडिकल, मग तोंडी परीक्षा, मग परवाना, आणि मग कुठे शिक्षकाला शेजारी बसवून दांड्याला हात. पण उज्वलाच्या तोंडाला ब्रेक कधी होता?

धाकट्या दिरानं, जगदीशनं, लेकीच्या शिक्षणासाठी खालापूरकडची जमीन एका फार्महाउसवाल्याला विकली. मला माझ्या वडिलांनी सायकल घेऊन दिली नव्हती. मुलीच्या जातीला कशाला, म्हणाले. आणि हिला हेलिकॉप्टर!

९ जानेवारी

रुचिताला इंग्रजी कोणी शिकवलं? मी. पहिलीपासून. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या पट्ट्या मी खाल्ल्या, म्हणून हिचं व्याकरण सरळ झालं. आता मॅडम चौक गावाला जातात, विकाससरांकडे. हवाई दलातून निवृत्त, गॅरेजच्या वर क्लास. दर वाक्याला 'सर म्हणतात'!

म्हटलं, "इंग्रजी तरी माझ्याकडे वाच."

"सरांचं वेगळं असतं गं, मोठी आई."

वेगळं! ते रेडिओवर बोलताना ए ला अल्फा म्हणतात आणि बी ला ब्राव्हो. म्हणोत. अक्षरं सव्वीसच आहेत.

१२ जानेवारी, रविवार

खालापूरजवळच्या कुठल्याशा रिसॉर्टवरून आज तिची पहिली चक्कर. पायलटशेजारी बसून, नुसती बघायला. सगळं घर बघायला गेलं. मलाही बोलावलं होतं. डोकं दुखतंय म्हटलं.

गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर नेमकं डोक्यावरून गेलं. मी पाहिलं नाही. म्हणजे थोडंच पाहिलं – माथेरानकडे वळून दिसेनासं होईपर्यंत.

संध्याकाळी विचारलं, "कसं वाटलं?" तर "छान". एक शब्द! जेवलीही नाही. एकदा वर जाऊन आली नाही तोच आम्ही मुंग्या झालो.

१५ जानेवारी

मेडिकल पास. पेढे आले. मी खाल्ला नाही, शुगर आहे. (अर्धा खाल्ला.)

१९ जानेवारी, रविवार

चार फाट्याच्या नाक्यावर फ्लेक्स! 'कॅप्टन रुचिता – हार्दिक अभिनंदन!' परीक्षा गुरुवारी, अभिनंदन आज. पोर जन्माला यायच्या आधी बारसं घालणारी माणसं आमचीच!

फ्लेक्सवर जगदीश गॉगल लावून. उज्वला नथीत. विकाससर सलाम ठोकताना. वॉर्डाचे नगरसेवक. मी? नाही.

"ताई, जागाच उरली नाय. आन तुमचा फोटू पन लग्नातला," उज्वला म्हणते.

नगरसेवकाच्या मेहुण्याला उरली!

रुचिता हळूच म्हणाली, "मोठी आई, तू बाबांना तो फ्लेक्स काढायला सांग ना."

म्हटलं, "आता नम्रतेची नाटकं नकोत."

२३ जानेवारी, गुरुवार

नापास! देवा, क्षमा कर – आधी बरंच वाटलं.

साधे प्रश्न होते म्हणे. टॉवरवरून सूचना आली की पायलटनं ती शब्दन् शब्द परत म्हणायची असते, बरोबर ऐकल्याची खात्री म्हणून. ही गप्प! मान डोलावली. रेडिओवर मान कोणाला दिसते?

उज्वला रडतेय. "कुटल्या तोंडानं जाऊ आता चार फाट्यावर?" जगदीश जेवायला उठला नाही. अजून एकच संधी देणार आहेत.

मला मात्र कारण स्वच्छ दिसतंय. मोठ्या माणसाचं वाक्य त्याच्याच तोंडावर परत म्हणायचं नाही, हे आमच्या घरच्या मुलींना दात यायच्या आधी शिकवलेलं असतं. परत म्हटलं की वेडावलं, आणि वेडावलं की पाठीत धपाटा! ही सवय मोडावी लागते. विकाससरांना काय कळणार? सलाम ठोका म्हणावं!

२५ जानेवारी

उज्वला स्वतः आली. "ताई, आता तुमीच बगा."

हे ऐकायला कान आसुसले होते, हे या पानाशिवाय कोणाला सांगणार नाही.

लगेच सुरुवात. मी टॉवर, ती पायलट. मी स्वयंपाकघरात, ती अंगणात – म्हणजे तोंड दिसायला नको आणि मोठ्या माणसाची भीड नको. मी इंग्रजीत हुकूम सोडायचे, तिनं परत म्हणायचं. शेजारचे ऐकत होते. ऐकू देत!

पहिल्याच दिवशी बिनचूक! सरांना जमलं नव्हतं.

उठताना म्हणाली, "मोठी आई, या वेळीही नाही झालं तर?"

"माझ्या हाताखालून एकही पोर नापास गेलेलं नाही. तू नियम मोडू नकोस."

"बरं," म्हणाली.

२ फेब्रुवारी

विकाससरांचा फोन. "मॅडम, काय जादू केलीत?"

"शिकवलं," म्हटलं. फोन ठेवला. इतकं गोड वाक्य मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पास!! उज्वला माझ्या पाया पडली. नव्या फ्लेक्सवर मी मधोमध, सरांच्या वर. हिरव्या साडीतला फोटो काढून ठेवलाय.

१३ फेब्रुवारी

परवाना आला. आधी माझ्याकडे आणला – आईच्याही आधी. मी फुलून गेले. ती उंबऱ्यातच बसली.

"त्या दिवशी वर गेले ना, मोठी आई, ते उतरेपर्यंत डोळे मिटून बसले होते. अजून स्वप्नात वरून खाली पडते. परीक्षेत मला सगळं येत होतं गं. नापास झाले की सुटेन, असं वाटलं होतं."

सोमवारपासून उड्डाणं.

"मला नाही उडायचं. तू सांगशील आईला?"

सांगते म्हटलं. मग ती परवाना घेऊन घरी गेली; भिंतीपलीकडे उज्वला पेढे वाटतेय. मी अजून उठलेले नाही.