छताला टेकलेल्या भिंती

कॅम्प नं. ४, उल्हासनगर
१७ एप्रिल १९८९

प्रिय आक्का,

सविनय जयभीम. वि. वि.

सगळं बदललं ते काल दुपारी, मी बदलापूरला कात्रपच्या नव्या घरात शिंकलो तेव्हा. शिंकलो आणि कोणी काही बोललंच नाही! इथे बरॅकीत शिंकलं की एका बाजूने मोटवानी काकी, क्या हुआ बेटा, ठंडा पिया क्या, म्हणून विचारते आणि दुसऱ्या बाजूने रामभाऊ आल्याचा काढा घ्यायला सांगतात. कात्रपला चिडीचूप. मी दचकून वर बघितलं. आक्का, भिंती छताला टेकल्यात! मिल्ट्रीने बांधलेल्या एकाच लांबलचक खोलीत डोक्यापेक्षा थोड्या उंच भिंती घालून आपण दहा घरं राहिलो. वर सगळं मोकळं, एकाचं भांडण दहा जणांच्या ताटात. आता दुसरा माळा, एक खोली, किचन आणि गॅलरी, सगळं आपलं एकट्याचं. आण्णा उगाचच नळ सोडतात, बंद करतात आणि हसतात. आई म्हणते, इतकी वर्षं हळू आवाजात भांडून घसा बसला, आता तुझ्या आण्णांना मनासारखं बोलून घेणार.

बुद्धपौर्णिमेला, वीस मेला, राहायला जायचं. बुद्धवंदना रामभाऊच घेणार. रंग मी काढतोय. एमआयडीसीतली फर्स्ट शिफ्ट सुटली की अंबरनाथहून घरी न येता तसाच बदलापूर गाठतो. बिल्डिंगीत अजून दुसरं कोणी आलेलं नाही, मीच राजा.

लोचा एकच. भिंतीपलीकडची. नाव लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. तिकडे भिंतीवरून कालवणाची वाटी कोण देणार? हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
चंदर

---

भुसावळ
२४ एप्रिल १९८९

चि. चंदर यास,

जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पाकीट ह्यांनीच फोडलं. वाचून इतके हसले की चहा लेंग्यावर सांडला. नाव लिहीत नाहीस म्हणे! रामभाऊंच्या यशोधरेचा हात भिंतीवर दिसला की तू जेवण सोडून उठतोस, हे मी माझ्या लग्नाआधीपासून बघतेय.

पण रामभाऊंचंही मन समजून घे. विहारात दर रविवारी ते पोरांना शिका, शिका म्हणून घसा कोरडा करतात आणि तू सेकंड इयरला सरांशी वाद घालून, पुस्तकं त्यांच्याच टेबलावर आपटून कॉलेज सोडून आलास. डी.एड. करणारी मुलगी ते असल्या तापट पोराला कशाला देतील? आईने लिहिलंय की तिच्यासाठी ठाण्याचा एक मुलगा सांगून आलाय, बँकेत आहे. तेव्हा गप्प बसून चालणार नाही आणि तडकूनही चालणार नाही. तिसऱ्या वाक्याला तुझा आवाज चढतो, चवथ्याला समोरचा उठून जातो. नवं घर रिकामं आहे ना? तिथल्या भिंतीला रामभाऊ समज आणि बोलून बघ. शांतपणे जमलं की आण्णांना पुढे घालून रीतसर जा.

आईसाठी पडद्यांचं कापड घेतलंय, निळं, बारीक फुलांचं. ह्यांना रजा मिळाली की वीसला येतोच. गॅलरीत बसायला मला एक कोपरा राखून ठेव, तिथे आईची पाण्याची पिंपं नकोत.

तापट आहेस तरी आमचा आहेस, लोभ तसाच राहील.
तुझी,
आक्का

---

उल्हासनगर
५ मे १९८९

प्रिय आक्का,

सविनय जयभीम.

तुझ्या सांगण्यावरून किचनची भिंत रामभाऊ केली. पहिल्या दिवशी भिंतीशीच भांडण झालं. ती काही बोलत नाही, त्यानेच माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी जरा बरं. आता ब्रश मारता मारता सगळं भाषण होतं. बहिःस्थ म्हणून परीक्षा देईन, नोकरी सोडणार नाही, मुलीला मास्तरीण होऊ देईन. परीक्षेपाशी सुरुवातीला अडखळायचो, आता नाही. खरंच देणार आहे, हे बोलता बोलताच ठरलं. आणि मोठ्याने बोलायला काय मजा येते गं! आयुष्यात पहिल्यांदा छाती भरून बोलतोय. गाणी म्हणतो, आण्णांची नक्कल करतो, कोणी ओळखत नाही, कोणी हटकत नाही.

मागच्या आठवड्यात वाटी देताना तिने विचारलं, खोलीला रंग कोणता. मी म्हटलं, तू सांग. फिका पिवळा, म्हणाली, संध्याकाळी दिवा लावला की छान दिसतो. आण्णांना पांढरा पाहिजे होता. मी पिवळा दिला. आण्णा दोन दिवस बोलत नव्हते, आता स्वतःच लोकांना नेऊन दाखवतात.

आईने किचनमध्ये फळीची जागा खडूने आखून ठेवलीय. तिला रात्री झोप येत नाही, मलाही नाही, कारणं वेगळी.

आठवण असू दे, रागे भरलीस तरी चालेल.
तुझा,
चंदर

---

भुसावळ
११ मे १९८९

चि. चंदर यास,

जयभीम, आशीर्वाद.

रजा मिळाली! एकोणीसला रात्री पोचतो. सराव पुरे झाला, आता आण्णांच्या कानावर घाल. भिंतीला सगळं सांगून बसशील आणि मुलगी ठाण्याला जाईल. हे म्हणतात, साला भिंतीशीच लग्न करणार काय.

घाईत लिहिलंय, मायेत घाई नाही.
आक्का

---

उल्हासनगर
१८ मे १९८९

प्रिय आक्का,

सविनय जयभीम. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. तू उद्या निघशील, हे पत्र तुला तिथे मिळणार नाही हे कळतंय, पण लिहिल्याशिवाय छाती शांत होत नाही.

आज रंगाचा शेवटचा हात मारून घरी आलो. मनाशी ठरवलं होतं, आज आण्णांना सांगायचंच. तर आण्णा आधीच खुशीत. म्हणाले, रामभाऊंनी आज शब्द टाकला आणि मी लगेच हो म्हटलं. ठाण्याची मंडळी परवा मुलगी बघायला येतायत. बरॅकीत पाहुण्यांना दहा घरांचं ऐकू येतं, बरं दिसत नाही, म्हणून वंदना झाली की पाहण्याचा कार्यक्रम आपल्याच कात्रपच्या घरी. आपल्या घराला पहिलाच केवढा मान, म्हणाले.

माझं डोकं सणकलं. तिच्या पसंतीचा रंग मी दिला आणि त्याच खोलीत बसून तो बँकवाला पोहे खाणार? इतके दिवस रिकाम्या घरात बोलून हळू बोलायची सवयच गेली होती. कुठे उभा आहे तेच विसरलो. कात्रपला बोलतो तसा छाती भरून ओरडलो, त्या घरात यशोधरेचं पाहणं होणार नाही! ती तिथे येईल तर माझी बायको म्हणून! बहिःस्थ परीक्षा देईन, पास होईन, पण दुसऱ्या कुणाला ती तिथे चहा देणार नाही!

कुणाचा तरी टीव्ही बंद झाला. काकीचं लाटणं थांबलं. आईने कपाळावर हात मारून घेतला आणि आण्णा भिंतीच्या वरच्या पोकळीकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं, मी बरॅकीत आहे.

पलीकडून रामभाऊ खाकरले. झालं का, की अजून बाकी आहे, म्हणाले. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, परीक्षेचं नीट ऐकू आलं नाही, परत सांग. मी परत सांगितलं, या वेळी शांतपणे. आख्ख्या बरॅकीसमोर बोललास, आता मागे फिरता येणार नाही, म्हणाले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, असल्या गोष्टी भिंतीवरून होत नसतात, आण्णांना घेऊन दारातून ये. ठाण्याला काय कळवायचं ते मी मुलीला विचारतो.

आणि आक्का, तिचा आवाज! चांगला खणखणीत, शेवटच्या घरापर्यंत जाईल असा. मला विचारायचं तर आत्ताच सांगते बाबा, ठाण्याला नाही कळवा. आणि त्याला म्हणावं आधी आंघोळ कर, नळावरून येताना बघितला मी, रंगाने भूत झालाय. काकी तिकडून ओरडली, अरे जल्दी जा, लडकी ने हाँ बोल दिया! आख्खी बरॅक हसली. आण्णासुद्धा.

आंघोळ केली. आण्णा आणि आई पुढे गेलेत, आई तर चप्पल न घालताच. हाक मारली की ये म्हणालेत, म्हणून जरा टेकलो आणि हे लिहिलं. पलीकडे कप मांडतायत. रामभाऊ अजून काय काय विचारतील देव जाणे, पण आवाज चढवणार नाही, तुझी शप्पथ.

आज तुझी माया दुप्पट लागणार आहे, हात आखडू नकोस.
तुझा,
चंदर

ता. क. आईने हाक मारली. घरात दुसरं कोणी नाही. निघालो, दार ओढून घेतो.