स्वस्तातलं हैद्राबाद

४ नोव्हेंबर, मंगळवार

निताच्या डोक्यात हैद्राबाद शिरलं! झालं आता.

आज आरोग्य केंद्रात आमची आशांची महिन्याची बैठक होती. मानधन एकदाचं जमा झालं म्हणून सगळ्या खुशीत. सिस्टर पुढं लसीकरणाचं सांगून राह्यल्या आन निता माह्या कानात — "रुख्मे, चाल ना वं हैद्राबादले! शुक्रवारी रातच्या गाडीनं बसू, शनवार-अयतवार फिरू, सोमवारी सकाळी घरी. दोघीच. ना नवरा, ना लेकरं, ना रजिस्टर!" मी म्हणलं, येडी झाली का तू? तर म्हणे, "चारमिनारच्या खाली बांगड्या भरू. मरायच्या आंधी एखांदी तं मजा करू."

आपल्याच बोलण्यावर खदखदा हसली आन नेहमीसारखी बाटली उलटी केली — सगळं पाणी मांडीवर. सिस्टर म्हणे, "आली आमची सांडलवंडबाई!" सगळ्या आशा तिले हेच म्हणतात. जिथं जाईन तिथं पाणी सांडते. मी बी हसली. लय हसली. आन तिथंच माहा घात झाला. मांड्या आवळून बसली, पण व्हायचं ते झालं. सगळ्या गेल्यावर शेवटी उठली मी, पिशवी मागं धरून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहून टाकतो एकदाचं. कागदाले कायची लाज.

मुन्नाच्या बाळंतपणापासून हे लागलं मागं. खोकललं, शिंकलं, हसलं, पाण्याचा गुंड उचलला की लघवी सुटते. आधी थेंब दोन थेंब होतं. आता रातच्यालेही भरोसा नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या करून वापरतो. त्या धुऊन दुसऱ्या लुगड्याच्या आड वाळू घालतो, जसं काही चोरीचं आहे. फिक्या रंगाचं लुगडं नेसणं सोडलं. लग्नाले गेली तर पाणी पीत नाही. घरच्याइले माहीत नाही. मायले सांगितलं नाही, ती मरून गेली. निताले तर नाहीच नाही.

आन सारं गाव मले म्हणते आशाताई! गावातल्या एकेका बाईची पाळी मले माहीत, बाळंतपण माहीत. माहं कोणाले माहीत नाही.

९ नोव्हेंबर, अयतवार

निता मोबाईल घेऊन आली. दिवाळीचा उरलेला चिवडा खात बसलो. तिनं एकवीस तारखेचा सगळा बेत बांधला! बसच्या अर्ध्या तिकिटाचा फायदा घ्यावा म्हणलं तर उसळलीच — "बसनं जायचं असंन तं मी नाई येत. मले बस लागते. रेल्वेच!" जीपमधी तर हिले कधी उलटी झालेली पाह्यली नाही. असो.

भाकरी-ठेचा घरून. बिर्याणी एक प्लेट, दोघीत. तलावात नाव आहे, तिच्यात बसायचं. बांगड्या डझन डझन. फिरायचं पायी. लेकरावानी डोळे झाले होते तिचे. माह्याही पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कायले लिहू? लग्नानंतर मी कुठं गेली? माहेर, दवाखाना, अन् शिरपूरची जत्रा.

मग राहायचं निघालं. लॉज म्हणलं की दुसऱ्याची गादी. पांढरी चादर. सकाळी ती पोरं येतात ना चादरी काढायले! मी घाईघाईनं म्हणलं, लॉज लय महाग, राहू दे वं, पुढच्या साली पाहू.

निता म्हणे, "महाग? थांब, स्वस्तात करतो."

११ नोव्हेंबर, मंगळवार

केलंच तिनं स्वस्तात. तिच्या माहेरच्या बंजारा तांड्यावरचा भाऊ, हेमला नाव, हैद्राबादले बांधकामावर आहे, बायको-लेकरं तिथंच. एक खोली आहे म्हणे. "फुकट! रांगेत झोपू सगळे. वहिनी माही लय चांगली, ती तं वाट पाहून राह्यली."

रांगेत. त्यांच्या गोधड्यांवर. त्यांच्या लेकरांच्या मधात. मी, सेहेचाळीस वर्षांची, सकाळी उठून गोधडी वळकटी करून पाहून राह्यली कुठं ठेवू — हे सगळं एका घडीत डोळ्यापुढून गेलं. तोंडातून निघालं, "नको वं. तसल्या ठिकाणी मले झोप नाई येत."

तसल्या ठिकाणी! जीभ कशी नाही झडली माही?

निता मान खाली घालून बाटलीचं बूच लावत बसली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात महिलांची सभा घेतली. नेहमीचं बोलली — बायांनो, दुखणं अंगावर काढू नका, लाजू नका, जे असंन ते मोकळेपणानं सांगा. म्हातारी भुरीबाई मागून उठली. "आशाबाई, माहं अंग बाहेर येते. दहा वर्सं झाले." काही पोरी तोंडाले पदर लावून हसल्या. मी त्याइले झापलं! म्हणलं, हसता काय, उद्या तुमच्यावर बी बेतन. भुरीबाईले म्हणलं, सोमवारी माह्यासंग दवाखान्यात चाल, याच्यात लाजायचं काय?

ती म्हणे, "तुले बोलाले काय जाते बाई. तुह्यावर बेतलं असतं तं समजलं असतं."

घरी येऊन पोटभर रडली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहायले हात धजत नाही.

निता आली. घुश्श्यात होती पण हसून बोलली. म्हणे, "बरं, भावाकडं नको तं नको. लॉज पाह्यलं, स्टेशनजवळ, साधं आहे पन साफ आहे. एक खोली, एकच पलंग. दोघीत वाटून घेतलं तं काईच नाई पडत." मी म्हणलं, मले वेगळी खोली पाहिजे. ती म्हणे, "दोन खोल्या? मंग कुठी स्वस्त राह्यलं? काहून वेगळी?" मी म्हणलं, अशीच. सवय नाई कोणाजवळ झोपायची.

"माह्याजवळ झोपली तं काय होते तुले?"

मी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

ती उभी राह्यली. आवाज एकदम खाली. "रुख्मे, कोरोनात घरोघर फिरलो तवा एका डब्यात जेवलो आपन. तवा काई वाटलं नाई तुले. आता भावाचं घर नको, माह्या बाजूले झोपनं नको. सरळ सांग ना. तांड्याची आहे म्हनून ना?"

मले फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण नाही म्हणलं असतं तर तिनं विचारलं असतं — मंग काय? आन ते 'काय' माह्या तोंडातून निघत नाही. मेली तरी निघत नाही. मी खाली पाहत राह्यली. जमिनीवर मुंग्यांची रांग चालली होती, ती पाहत राह्यली.

ती गेली. चहा तसाच.

तिले वाटू दिलं मी. माह्या दुखण्याची लाज झाकायले तिच्या जातीवर पांघरूण टाकलं! जगात माह्याएवढी हलकट बाई नसंन.

१६ नोव्हेंबर, अयतवार

हे जेवताना म्हणे, "हैद्राबादचं मोडलं ना? बरं झालं. तांड्यावरच्या बाईसंग कुठी राहतं-झोपतं तू? लोक काय म्हणतीन?"

शाबासकी! पण तेव्हाही बोलली का मी? नाही बोलली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जऊळक्याच्या फाट्यावर निता दिसली. जीपमधी जागा होती माह्या बाजूले. ती पुढच्या जीपसाठी थांबली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज निघालो असतो.

२३ नोव्हेंबर, अयतवार

तांड्यावर गेली. घरून निघतानाच ठरवलं होतं — सांगायचं. जे होईन ते होईन. वावरातल्या हिरव्या शेंगा घेतल्या पिशवीत, रिकाम्या हातानं कसं जावं.

तांडा अर्धा खाली झाला. ऊसतोडीले गेले लोक. निताचा नवरा आन पोरगा बी गेले, घरी ती, सून संस्कृती आन तिचं तान्हं. मले पाहून निता म्हणे, "या. बसा."

या! बसा! पंधरा वर्षांत पह्यल्यांदा अहो-जाहो केलं तिनं मले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सुनेनं नवी चादर अंथरली खाटंवर. मी म्हणलं, खाली बसतो. निता म्हणे, "नाई, वरतेच बसा. आमची चादर साफ आहे." काय बोलू? बसली. चहा झाला. मी कप पुसून पुसून प्याली, जसं त्यानं काही सिद्ध होणार होतं. बाळाचं वजन विचारलं. कापूस किती भावानं गेला विचारलं. 'निता, मले सांगायचं आहे' हे चार शब्द घशापर्यंत आले की माघारी.

तेवढ्यात संस्कृतीनं चुलीवर मिरचीची फोडणी टाकली. घरभर तिखट धुराची खाट! ठसका लागला मले. असा ठसका की डोळ्याले पाणी, श्वास घेता येईना, खोकला थांबेना — आन मग जे नको तेच. थोडं नाही. सगळंच. घडीतून, परकरातून, त्या नव्या चादरीवर. मले गरम लागलं आन मी दगडासारखी झाली. उठता येईना, बसता येईना. सून हातात पाण्याचा गिलास घेऊन माह्याकडंच येऊन राह्यली. आता दिसन. आता दिसलं.

निता समोर होती. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. मग खाली पाह्यलं. बस, एवढंच. हात लांबवून तिनं कोपऱ्यातला तांब्या उचलला आन माह्या मांडीवर पुरा उलटा केला!

"अवं माय! सांडलं पाय माह्या हातून!"

संस्कृती हसायलेच लागली. "आई, तुमच्या हातात काईच राहत नाई! पावनीले बी न्हाऊ घातलं!" निता बी हसली. म्हणे, "सांडलवंडबाई म्हनतात ते काई खोटं नाई." चादर ओढून घेतली, बादलीत टाकली. मले हाताले धरून न्हानीत नेलं. पेटीतलं लुगडं दिलं, धुतलेल्या कापडाची घडी दिली, दार लावून बाहेर उभी राह्यली. कोणाले आत येऊ दिलं नाही.

वाटेपर्यंत पोचवायले आली. मी रडत होती. म्हणलं, निता, ते तांड्याचं नव्हतं वं, देवाशपथ नव्हतं. ती म्हणे, "समजलं मले. चूप." थोडं चालल्यावर म्हणे, "मले काय काय वाटलं होतं वं रुख्मे तुह्याबद्दल. तोंडभर शिव्या देल्या." मी म्हणलं, अजून दे.

ती म्हणे, "हळू जाय. वाटंत गोटे आहेत."

मले 'तू' म्हणाली. 'जाय' म्हणाली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मागच्या सोमवारी राह्यलं होतं, आज भुरीबाईले दवाखान्यात नेलं. तिच्या मागं मी बी केस पेपर काढला. स्वतःच्या नावाचा. सिस्टरले सांगताना कान तापले, पण सांगितलं. त्या म्हणे, "रुख्मिणीताई, तुमी? इतके दिवस?" मी म्हणलं, हो, मीच. व्यायाम सांगितले. वाशिमले मोठ्या मॅडमले दाखवा म्हणल्या.

लाज गेली नाही. पण निताची वाटते ती लाज वेगळी. आठ दिवस ती बाई स्वतःले हलकं समजत फिरली, माह्यापायी. तिनं एका घडीत मले झाकलं. मले एक शब्द बोलून तिले झाकता आलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निताचा फोन. "तिकिटं काढली. बारा तारखेची. सीट दाराजवळची घेतली, संडासाच्या अंगानं. वास मारंन थोडा. चालते ना?" मी म्हणलं, माह्यासाठी कायले एवढं करतं? ती नुसती हसली. हेमलाच्याच घरी उतरू म्हणलं मी. आपण होऊन म्हणलं. "लुगडे जास्तीचे घे," म्हणे, "मी बी घेतो."

घरच्याइले सांगून टाकलं — मी निताच्या भावाकडं राहणार आहे. ते पाहतच राह्यले. पाहू दे.

२ डिसेंबर, मंगळवार

बैठक होती. निता माह्या बाजूले. मधातच तिले शिंक आली, लागोपाठ दोन. आन लगेच बाटली मांडीवर उलटी. सगळ्या हसल्या, "आली सांडलवंडबाई!"

मी इतकी वर्षं त्यांच्यासंग हसत आली. आज पह्यल्यांदा नीट पाह्यलं. बाटली मागाहून उलटली. लुगडं त्याच्या आंधीच ओलं होतं.

मी मोठ्यानं म्हणलं, "हसता काय? माहा धक्का लागला तिले."

आन तिच्यासंग सगळ्यात शेवटी उठली.