रंकाळ्यावरून चालत गेलेली म्हैस

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर २००४

प्रिय कृष्णात,

मजेत असशील असं धरून चालतो. वहिनींना नमस्कार सांग, त्या मला ओळखत नसल्या तरी. अव्वाचे गुडघे दुखतात, पण माझ्या या आईचं तोंड शाबूत आहे. दिवाळीचा चिवडा तिखट झाला म्हणून परवा दिवसभर ती चिवड्यावरच चिडली होती. मी इथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ॲनिमेशन शिकवतो. बटण दाबलं की चेंडू आपोआप उसळतो आणि पोरं कौतुकानं माझ्याकडे बघतात, जणू तो मीच उसळवला.

पाडव्याला पंचगंगेच्या घाटावर म्हशी बघायला गेलो होतो. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल आणि तिच्यामागं पळणारी म्हैस. तुझा धाकटा भाऊ सयाजी भेटला. "दादा मलकापुरात हाय, डेअरीवर," म्हणाला आणि पत्ता दिला. चित्रांचं विचारलं तर हसला. "कवाच सोडली की! पेन्सिल बी हातात धरत न्हाय." मग गाडीला किक मारून तो गेला आणि मी त्या धुरात बराच वेळ उभा राहिलो.

घरी येऊन माळ्यावरचा, आपल्या चित्रपटाच्या चित्रांचा खोका काढला. कागदांचा गठ्ठा हातात धरला, अंगठ्यानं कडा सोडत गेलो आणि म्हैस चालायला लागली.

उन्हाळ्यातली दुपार. सगळं कोल्हापूर जेवून झोपलंय. म्हैस दावं सोडवून निघते, गल्लीतून, वाळत घातलेल्या पापडांना न तुडवता, आणि रंकाळ्याच्या काठाशी येऊन थांबतच नाही. पाण्यावर पाय ठेवते. प्रत्येक खुराखाली एक तरंग उमटतो आणि सावकाश मोठा होत जातो. मधोमध पोचते तेव्हा ढग पाण्यात उतरलेले असतात, आणि ती ढगांतून चालत राहते. तीन मिनिटं. एवढीच आपली गोष्ट. शहर आणि पाणी मी काढायचं, म्हैस तू, अशी वाटणी होती.

खरं तर म्हैसही आधी मीच काढली होती. ती बघून तू म्हणालास, "म्हस न्हवं ही, टेबल हाय. नुसतं पायच चालीवतोयस. आधी मुंडी हलती, मग खांदा, मग पाय." मग पंधरा दिवस रोज सकाळी मला दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकांसमोर म्हशींच्या धारा काढतात तिथं, नेऊन बसवलंस. कागद हातात द्यायचा नाहीस. नुसतं बघायचं. एकदा तुझ्या म्हशीच्या पाठीवर माझा हात ठेवलास आणि म्हणालास, "डोळं झाक अन् चल हिच्यासंगं. हाताला कळतंय बघ."

माझ्या हाताला कळलं, पण कागदावर उतरलं नाही. तुझ्या उतरलं. दूध घालून आल्यावर बसायचास, दोन महिन्यांत एकशे साठ कागद केलेस; तेच फिरवून फिरवून आपण तीन मिनिटं म्हैस चालवली. अजूनही इतकं वजन कागदावर चालताना मी बघितलेलं नाही. एवढं जड जनावर पाण्यावरून जातं हे माणसाला खरं वाटतं, ते तिच्या त्या वजनामुळेच. माझ्या पाण्यामुळे नाही.

पुण्यातली एक फिल्म सोसायटी डिसेंबरात हातानं काढलेले चित्रपट दाखवणार आहे. आपला मागितलाय. नवी प्रत काढतायत; शेवटची नावांची पाटी बदलायची असेल तर बदला म्हणाले. म्हणून लिहितोय.

नुसतं म्हणून नाही.

पहिल्या खेळाला तू सगळं घर घेऊन आला होतास. तुझ्या आईनं, आक्कांनी, नवं लुगडं नेसलं होतं. म्हैस पाण्यावर गेली तशा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "बुडंल की रं ती!" आणि सगळा हॉल हसला. मग पाटी आली. 'चित्रे आणि दिग्दर्शन : मल्लेश.' बाहेर येऊन तू विचारलंस, "माझं नाव कुठं गेलं रं?" मी म्हणालो, "पाटीवर जागा न्हवती." तू "बरं" म्हणालास आणि आक्कांना हाताला धरून निघून गेलास. पाच वर्षं झाली.

जागा होती, कृष्णात.

आणि तुला माहीत नसलेलं एक सांगतो. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात नंबर असतो. त्याच्या शेजारी तू बारीक 'कृ' काढायचास. शूटिंगच्या आधी एका रविवारी दार लावून मी ते सगळे खोडले. एकशे साठ. तो कोपरा कॅमेऱ्यात येतच नाही, कुणाला दिसणारच नव्हता, तरी खोडले. चित्रपटाला मिळालेलं बक्षीस वगैरे सगळं नंतरचं. ती म्हैस माझी असावी असं मला फार वाटत होतं, दुसरं काही कारण नाही. तू पेन्सिल दाबून लिहायचास, त्यामुळे अक्षराचा खळगा अजून बोटाला लागतो.

तू चित्रं माझ्यामुळे सोडलीस का, हे विचारायची हिंमत नाही. अव्वाला काल सगळं सांगितलं. "मला कशाला सांगतोस? त्याला सांग," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

नव्या पाटीवर तुझं नाव मी लिहिलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मग तेही मीच तुला दिल्यासारखं झालं असतं. म्हणून पाटी कोरी ठेवलीय आणि तुझ्या कागदांबरोबर पार्सलानं पाठवतोय. तुझ्या हातानं, तुला हवं तेवढं मोठं नाव लिही आणि तीस तारखेच्या आत पाटी परत पाठव. नाही आली तर चित्रपट पुण्याला जाणार नाही, तसं त्यांना कळवून टाकलंय. कागद मात्र परत पाठवू नकोस, ते तुझे आहेत.

माफी या पत्रात मागितलेली नाही. तू बोलावलंस तर मलकापूरला येऊन, तुझ्यासमोर उभा राहून मागेन.

तुझं नाव खोडणारा,
मल्लेश