४१७ नंबरचा कोट

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (नमस्कार इथूनच, पण पूर्ण वाकून केलाय असं समज.)

गुडघा आता वाकतो हे वाचून बरं वाटलं. डॉक्टरांना तूच औषधं सुचवतेस, हेही शेजारच्या काकूंकडून कळलं.

तुमचा कारखाना बंद पडल्यावर तिथल्या फोटोग्राफरच्या निगेटिव्हांच्या पेट्या आमच्या संग्रहालयात आल्या, हे लिहिलं होतंच. एकेक निगेटिव्ह साफ करून नोंदवायचं काम माझ्याकडे आहे. भट्ट्या, मालगाडीचं शेवटचं स्टेशन, कामगारांच्या खोल्या, तुझी शिवणखोलीसुद्धा. तिथे कोपऱ्यात एक लांबलचक वेणी दिसते, ती तुझी का?

आणि काल बाबा सापडले. तांबं वितळवायच्या भट्टीपुढे सात जण उभे आहेत. सहा जण कॅमेऱ्याकडे बघतायत, सातवा पाठमोरा. त्याच्या कोटावर ४१७, म्हणजे बाबांचा नंबर. पाकिटावर तारीख आहे ती नेमकी मी जन्मले त्या दिवसाची. फोटोचा कंटाळा त्यांना तेव्हापासूनच होता म्हणायचा.

पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. हाच फोटो मोठा करून दारात लावायचा आणि खाली बाबांचं नाव घालायचं ठरवलंय. प्रत सोबत पाठवतेय. आई-बाबा दोघंही नाहीत, कौतुकाने बघायला आता तूच.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

दि. ९ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,
अ. उ. आ.

वेणी माझीच. तेव्हा तेवढी होती.

आता नीट वाच, आणि नाव छापायला दिलं असशील तर आधी थांबव. कोट दादाचाच आहे. नंबर मी शिवलाय, साताला दोरा कमी पडला होता तोही दिसतो. पण आत दादा नाही. दादाला तो कोट ऐसपैस व्हायचा, इथे तर खांद्याची शिवण उसवायला आलीय. आणि फावडं कसं धरलंय बघ. तो डावऱ्या, दादाच्या पुढच्या पाळीतला.

तुझ्या जन्माची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. वहिनी अडली होती. तिथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने हात टेकले, आणि मोठं इस्पितळ मालगाडीने पाच तासांवर. दादाने रजा मागितली, ती मिळाली नाही. माणसं कमी करायचं चाललं होतं, न सांगता गैरहजर राहील त्याचं नाव सरळ कापत. डावऱ्याने दादाच्या अंगावरून कोट काढून घेतला आणि म्हणाला, तू जा, भट्टीपुढे सगळे सारखेच काळे दिसतात.

तीन दिवस त्याने लागोपाठ दोन पाळ्या केल्या, एक दादाच्या नंबरावर, एक स्वतःच्या. मुकादमाला कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण तो बोलला नाही. त्यात नेमका फोटोग्राफर आला. बाकीचे हौसेने उभे राहिले, याने पाठ केली. चेहरा आला असता तर दोघंही घरी बसले असते. तिकडे इस्पितळात दादाचं रक्त काढून वहिनीला दिलं, म्हणून ती वाचली.

मला दादाने शपथ घातली होती. त्याला स्वतःला मात्र कधी आभार मानता आले नाहीत. डावऱ्या समोर आला की दोघं चिमणीच्या धुराविषयी बोलत बसायचे. पुढे कारखाना बंद पडला, माणसं पांगली. आता कोणाची नोकरी जायची नाही. शपथ मोडल्याचं माझं मी दादाशी बघून घेईन. डावऱ्याचं खरं नाव मला ठाऊक नाही. पण तो असला तर गाठ त्याला.

आशीर्वाद भरपूर आहेत, पुरवून वापरायची गरज नाही.
आत्या

दि. २ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. मग निवृत्त कामगारांच्या संघटनेत गेले. रजिस्टर मागणार होते, पण चिटणिसांना नुसतं डावऱ्या म्हटलं, तर त्यांनी पत्ता तोंडपाठ सांगितला. परवा जाऊन आले.

लेकीकडे असतात. ऐंशी कधीच ओलांडलीय, ऐकू कमी येतं. मी संग्रहालयातून आलेय एवढंच सांगितलं आणि फोटो हातात दिला. खूप वेळ बघून म्हणाले, तो फोटोग्राफर मागे वळा म्हणून तीनदा ओरडला, मी बहिरा झालो होतो. आता खराच झालोय.

मग जरा घुटमळून विचारलं, की बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत एवढं तेव्हा कळलं होतं, पण पोरगी पुढे कशी निघाली, तुम्हाला काही माहीत आहे का. मी म्हटलं, ती तुमच्यासमोर बसलीय.

ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकू आलं होतं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला खिडकीशी उजेडात उभं राहायला लावलं. बाबांचं राहिलेलं सगळं बोलायचं असं ठरवून गेले होते, पण मलाही ते जमलं नाही. त्यांचा हात धरून बसले. तेवढ्यात त्यांनी लेकीला हाक मारून सांगितलं, की पान वाढ, आपली मुलगी आलीय.

निघताना फोटोखाली काय लिहू ते विचारलं. म्हणाले, कोट त्याचा, पाठ माझी. दोघांची खरी नावं घालून तसंच छापायला दिलंय.

प्रदर्शन बारा तारखेला आहे. ते येणार आहेत. गुडघ्याची सबब चालणार नाही, गाडी पाठवतेय.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
तुझी भाची