रविवारच्या प्रार्थनेआधीची निरवानिरव

मी, हौसराव म्हाळू रणपिसे, वय अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, रेल्वेतला निवृत्त सुतार, राहणार दौंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझी बायको चांगुणा हिचे मत वेगळे आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली नसून’ असे इथे लिहायची रीत आहे. यंदा या देशात असे कोण लिहू शकेल? मिळकतीच्या बाबतीत मात्र माझ्यावर कोणाचे दडपण नाही, एवढे खरे.

घाईचे कारण आधी सांगतो. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी एक पंच राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो, आळीपाळीने. आणीबाणी आल्यापासून पाळकसाहेबांनी बजावून ठेवले आहे की, सरकारला दीर्घायुष्य मागा आणि खाली बसा. मागच्या खेपेला मी दीर्घायुष्य मागितले आणि पुढे म्हणालो, “प्रभू, त्यांना तुझे भय दे, आणि चौकशीवाचून कोंडलेल्या मच्छिंद्रला घरी आण.” मच्छिंद्र हा शेजारच्या साखरबाईंचा मुलगा. घराणे बौद्ध, पोरगा रेल्वेत फिटर. पत्रके वाटली म्हणून नेला. आईला भेटूही देत नाहीत. दुसऱ्या दिवशी जमादार माझ्या दारात. “आबा, तुमच्या वयाकडं बघून सोडतोय. पुन्यांदा त्याचं नाव घेतलं तर जीप घिऊन येतो.”

उद्या पुन्हा माझी पाळी आहे, आणि मी नाव घेणार आहे. मला मधुमेह आहे. कोठडीतून परत येईन असे वाटत नाही. भीती वाटते. रस्त्यावर गाडी वाजली की लिहिणे टाकून खिडकीशी जातो. चांगुणा ओरडते, “एका जागी बसा की! कांद्याची गाडी हाय ती.”

कलम एक. दौंडचे राहते घर चांगुणाला. पत्रे नवे घातले आहेत, मागच्या दाराची कडी तेवढी बसवायची राहिली. खाली ज्याचा उल्लेख नाही तेही सगळे तिचेच. मी तिचा विचार केला नाही असे कोणी म्हणू नये. हल्ली मला दुसरे काही सुचतच नाही.

कलम दोन. रंधे, पटाश्या, करवती यांची पेटी मच्छिंद्रला, तो सुटून आल्यावर. फिटरला रंधा कशाला, असे कोणी विचारू नये. चुलतभाऊ पोपट मागायला येईल, त्याला देऊ नये. त्याने नेलेले गिरमिट अजून त्याच्याकडेच आहे.

कलम तीन. चर्चचे बाक मी फुकट करून दिले. वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी आभार मानले ते लाकडाच्या वखारवाल्याचे. मी विसरलेलो नाही. बाक चर्चचेच राहोत. मात्र मला पुरताना पाळकसाहेबांनी अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यावर उपदेश करू नये. तेव्हा मला उत्तर देता येणार नाही.

कलम चार. वडगाव रासाईचे भीमाकाठचे शेत धाकटा भाऊ जयसिंग याला. तो न्हावऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि सुट्टीच्या दिवशी तेच शेत कसतो. आमचे वाजलेले आहे. त्याचे म्हणणे असे की, सत्ता देवाने नेमलेली, तिच्या आड येणे म्हणजे देवाच्या आड येणे. शास्त्रात स्पष्ट आहे. आहेच. मी इंग्रजांपासून कायदा पाळत आलो. पण मुकादमालाही साहेबच नेमतो, म्हणून आपण मुकादमाचे ऐकतो. तो माजला, माणसांना झोडू लागला, तर साहेबाकडे अर्ज करायचा नाही? प्रार्थना हा माझा अर्ज आहे. मी दगड उचलत नाही. जीप आली तर मुकाट्याने चढेन. मिसरच्या राजाने सुइणींना मुलगे मारायला सांगितले, त्यांनी मारले नाहीत, आणि देवाने त्यांचे भले केले. हेही शास्त्रातच आहे. जयसिंगला हे सांगितले तर म्हणाला, “तू काय सुईण हायेस व्हय?” आणि निघून गेला. पावसाळाभर बोलला नाही. शेत तरीही त्याचेच. मत पटले नाही म्हणून हिसकावून घ्यायला मी काही सरकार नव्हे.

कलम पाच. साक्षीदार दोन लागतात. वकिलाने सांगितले की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा हिस्सा रद्द होतो. मग तुम्हीच करा म्हटले, तर वकीलसाहेबांना एकदम कोर्टात जायचे आठवले. साखरबाई हाक मारायच्या आत आल्या. “माज्या लेकापायी चाललंय समदं. अंगठा कुठं लावू?” दुसरा माणूस मिळेना. पोपटचा हात दुखतो. एका पंचाच्या घरी लग्न आहे, दुसऱ्याला चष्मा सापडत नाही. माझ्या बाकांवर बसणारी माणसे आहेत ही. फार राग आला.

इथवर लिहिले आणि न्हावऱ्याच्या एसटीने जयसिंग आला. मला अडवायलाच आला होता. उभ्या उभ्या सगळा कागद वाचला.

“दुसरा साक्षीदार कुठं हाय?”

“न्हाई मिळाला.”

“पेन आण.”

“अरे, तुझं शेत जाईल. नोकरी सरकारी हाय तुझी.”

“वाचलंय मी. मास्तर हाय.”

“मग पटलं का तुला माझं?”

“न्हाई पटलं. तू चुकतूयास, दादा. पर माझ्या भावाच्या कागदावर सही करायला अख्ख्या दौंडात माणूस न्हाई, हे मला सोसत न्हाई.”

मी त्याचा हात धरला, त्याने सोडवून घेतला. त्याच्या सहीमुळे कलम चार रद्द होऊन शेत चांगुणाकडे जाईल. ती रडते आहे आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणते आहे. मला आता पुढे काही लिहवत नाही. दोघांच्या देखत सही करतो.

मुक्काम दौंड, शनिवार, १६ ऑक्टोबर १९७६

हौसराव म्हाळू रणपिसे

साक्षीदार:

१. साखरबाई किसन ओव्हाळ, राहणार दौंड. डाव्या हाताचा अंगठा.

२. जयसिंग म्हाळू रणपिसे, प्राथमिक शिक्षक, राहणार वडगाव रासाई. दादाची प्रार्थना मला मान्य नाही. आज मुक्काम इथेच. उद्या चर्चमध्ये त्याच्या शेजारी उभा राहणार आहे.