एडाच्या पायाची नोंद

मी, एनिड मॉड थॉर्ली, वय वर्षे सत्तर, अविवाहित, राहणार हेसल रोड, हल बंदर, पूर्वी बंदरालगतच्या रुग्णालयात नोंदणी कारकून, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी पत्ते खेळून पाहावे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात लिहिली होती.

१. सायकल, पंप व विणकामाच्या सुया माझी भाची मॅव्हिस हिला द्याव्यात. पुढचा ब्रेक लागत नाही, हे तिला आधी सांगावे.

२. फाउंटन पेन आमचे मुख्य कारकून श्री. पायबस यांना द्यावे. याच पेनने मी त्यांच्या नाकासमोर एक खोटी नोंद केली. त्यांना पत्ता लागला नाही. आता लागू दे.

३. राहते घर, सामानासकट, माझी भावजय एडा थॉर्ली हिला द्यावे. गेली बत्तीस वर्षे आम्ही बोलत नाही, म्हणून कारण सांगणे भाग आहे.

लढाई सुरू होताना सरकारला धास्ती पडली की जखमींना खाटा पुरणार नाहीत. म्हणून धर्मादाय काय, नगरपालिकेची काय, सगळी रुग्णालये एका योजनेत आणली. बॉम्बने जखमी झालेल्यावर उपचार फुकट, बाकीच्यांनी ऐपतीप्रमाणे पैसे भरायचे. दारात बसून प्रत्येकाला "कशानं लागलं?" असे विचारायचे काम माझे. मला भारी नवल वाटे. मांडी बॉम्बने मोडली काय आणि जिन्यावरून पडून मोडली काय, हाड तेच ना? डॉक्टर गिलरॉयना मी तसे विचारलेही. "मिस थॉर्ली, ते तुम्ही हाडालाच विचारा," म्हणून ते हसले.

मग परिपत्रकांवर परिपत्रके येऊ लागली. आईबापांपासून दूर गावी हलवलेली मुले फुकटात आली, मग कारखान्यातले कामगार आले.

"साहेब, आता राहिलं तरी कोण?" मी पायबसना विचारले.

"स्टुलावरून पडणारे," ते म्हणाले.

मे १९४१ मधल्या मोठ्या विमानहल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, एडाला स्ट्रेचरवर आणले. मांडीचे हाड मोडले होते. माझा धाकटा भाऊ क्लेम, तिचा नवरा, त्याच सकाळी पाणसुरुंग काढणाऱ्या बोटीवर गेला होता.

"कशानं लागलं गं?"

"वन्सं, हळू बोला. स्टुलावरून पडले. कपडे वाळत घालत होते."

"आज? अगं, क्लेम आजच निघाला ना!"

"मॅव्हिसचे सगळे फ्रॉक काजळीनं माखले होते. तीन वर्षांच्या पोरीला काय घालू, सांगा ना!"

आमच्या रस्त्यावर नवरा समुद्रावर निघाला त्या दिवशी बायको कपडे धूत नाही. धुतले तर तो वाहून जातो, असे मानतात. खरे लिहिले असते तर तिच्यावर उपचाराचे पैसे बसले असते, आणि साऱ्या रस्त्याला कळले असते ते वेगळेच. मी चिठ्ठीवर 'विमानहल्ला' लिहिले आणि तिच्या पायाला बांधली.

तीन आठवड्यांनी क्लेमची बोट सुरुंगावर आदळली. एडा कुबड्यांवर उभी राहिल्यावर त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली; ती संपल्यावर दारात मी एडाच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "धुऊन टाकलंस ना माझ्या भावाला?" ती कुबड्या सावरत निघून गेली, ती पुन्हा माझा उंबरा चढली नाही.

५ जुलै १९४८ रोजी सरकारची नवी आरोग्यसेवा सुरू झाली आणि नवे कागद आले. आता सगळ्यांनाच फुकट. 'कशाने लागले' हा रकाना शोधला, कागद उलटून पाहिला, मागेही नव्हता. तरी जिभेला वळण पडलेले. पहिल्याच म्हाताऱ्याला विचारले, "कशानं लागलं?"

"ते डॉक्टरांना सांगेन बाई, तुम्हाला कशाला हवंय?"

बरोबर बोलला मेला! मग घरी चालत येताना मला सुचले की एडाला विचारायचे ते मी विचारलेच नव्हते. फ्रॉकवर काजळी आली कुठून? आदल्या रात्रीच्या बॉम्बच्या आगीतूनच ना! म्हणजे माझी नोंद खरी होती, आणि चर्चच्या दारात मी बोलले ते खोटे. क्लेमला सुरुंगाने नेले, साबणाने नव्हे. एवढे कळूनही पंचवीस वर्षे मला रस्ता ओलांडून तिच्या दारी जाता आले नाही. याची मला लाज वाटते.

४. एडा घर नको म्हणेल. मॅव्हिसने तिला तिसरे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. "आत्या, आईचं नि तुझं बिनसलं कशावरून?" असे ती सारखी विचारायची. हे घे उत्तर.

५. माझ्या अंत्ययात्रेच्या दिवशी, म्हणजे मी निघेन त्याच दिवशी, एडाने या घरात कपडे धुवावेत आणि पुढच्या अंगणात, सगळ्या रस्त्याला दिसतील असे वाळत घालावेत. दोरी मी तिच्या खांद्याइतकी खाली बांधून घेतली आहे. स्टूल लागणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोघांच्या देखत सही केली आहे. ज्यांना काही मिळायचे त्यांची साक्ष चालत नाही, म्हणून परक्यांना तसदी दिली.

(सही) एनिड मॉड थॉर्ली

साक्षीदार:
१. (सही) डॉ. ह्यू गिलरॉय, निवृत्त
२. (सही) बेसी ऑडल, शेजारीण

ठिकाण: हल
दिनांक: ५ जुलै १९७३